कागदावर दोन केबल, आगीला एकच

मुरबे गावाच्या किनाऱ्याने उत्तरेला गेलं की तारापूर अणुवीज केंद्र येतं. त्याची पहिली दोन युनिट 1969 मध्ये सुरू झाली. त्या काळच्या रचनेप्रमाणे काही सुरक्षा यंत्रणा दोन्ही युनिटना मिळून एकच होत्या. 2005-06 मध्ये युनिट बंद ठेवून त्या वेगळ्या केल्या. इतक्या वर्षांनी हा खटाटोप कशासाठी? त्यासाठी आधी थोडं गणित बघू.

समजा, आणीबाणीत वीज पुरवणारे दोन मार्ग आहेत. प्रत्येक मार्ग बंद पडण्याची शक्यता 100 मध्ये 1. दोन्ही एकदम बंद पडण्याची? फॉल्ट ट्री, म्हणजे बिघाडांची वंशावळ मांडणारा गुणाकार करतो: 10,000 मध्ये 1. पण हा गुणाकार दोन्ही मार्ग स्वतंत्र असतील तरच चालतो. होडीला दोन नांगर असून दोर एकच असेल, तर दोन नांगर मोजण्यात अर्थ नाही.

आता अडचण बघा. केबल कुठल्या भिंतीतून जाते हे मांडणी करणाऱ्याला माहीत असतं. तिथे आग लागू शकते का, हे अग्निसुरक्षा बघणाऱ्याला. हे तिघं एकत्र बसले नाहीत, तर प्रत्येकाचं काम बरोबर असूनही उत्तर चुकतं.

इतिहासात हे घडलंय. 22 मार्च 1975 ला अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी केंद्रात हवेची गळती शोधताना मेणबत्तीने केबल पेटल्या आणि अनेक सुरक्षा यंत्रणा एकदम गेल्या. तिथल्या अणुभट्ट्या तारापूरसारख्याच, उकळत्या पाण्याच्या. पुढे 31 मार्च 1993 ला उत्तर प्रदेशात नरोराला टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेल पेटलं. मुख्य आणि पर्यायी पुरवठ्याच्या केबल शेजारीशेजारी होत्या, त्या एकत्र जळाल्या. सुमारे 17 तास केंद्रात वीज नव्हती. आग विझवायच्या डिझेल पंपांनी पाणी देऊन अणुभट्टी थंड ठेवावी लागली.

तारापूरला सुधारणा करताना नेमकं हेच बघितलं: कोण कोणावर अवलंबून आहे? यंत्रणा युनिटनिहाय वेगळ्या झाल्या, मोठ्या क्षमतेचे तीन डिझेल जनरेटर आले, पर्यायी नियंत्रण कक्ष झाले.

तुम्ही जोखमीवर संशोधन करणार असाल, तर प्रत्येक गुणाकाराशेजारी एक ओळ लिहा: 'हे स्वतंत्र आहेत असं मी धरलंय, कारण...' आणि ती ओळ दुसऱ्या विषयाच्या माणसाला वाचायला द्या. तुमच्या आकृतीत नसलेली भिंत त्याला दिसू शकते.