परीक्षा १८९२ ला, पदवी १९२२ ला

आजच्या एपिसोडचा विषय तुमच्या मेसेजेसमधून आलाय. “दादा, मी मेकॅनिकलचा, मला लॉ करता येईल का?” “बीकॉम झालंय, नोकरी सोडायची नाही, एखादा फ्लेक्सिबल कोर्स आहे का?” आता मी स्वतः बीटेक, दिवसभर कोड लिहिणारा माणूस. करिअरचा सल्ला द्यायला मी काही काउन्सेलर नाही. पण इतिहासात डोकावलं तर या प्रश्नाचं उत्तर सापडतं, आणि ते कॉलेजच्या जाहिरातीत मिळतं त्यापेक्षा जास्त प्रामाणिक आहे.

पहिली गोष्ट. आपल्याकडे कायदा हे कायम ‘दुसरं शिक्षण’ राहिलंय. लोकमान्य टिळक आधी गणित घेऊन बीए झाले, मग १८७९ मध्ये एलएलबी. न्यायमूर्ती रानडे आधी एमए, मग १८६६ मध्ये एलएलबी. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा लॉ हा प्रकार तसा नवा, १९८० च्या दशकातला. त्यामुळे “माझी लाइन वेगळी आहे” ही भीती आधी मनातून काढून टाका. तुम्ही आधी काय शिकलात, यावरून कायद्याने सहसा कुणाला अडवलं नाही.

मग अडवलं कशावरून? त्यासाठी आपल्याला नाशिकला जावं लागेल.

नाशिकची मुलगी, ऑक्सफर्डची परीक्षा

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ चा, नाशिकचा. वडील पारशी कुटुंबातले, पुढे ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढल्या. घरात मुलींनी शिकायचं की नाही, हा प्रश्नच नव्हता. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात गेल्या, पहिल्या वर्गात पास झाल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या.

अशा हुशार विद्यार्थ्याला इंग्लंडला जायला सरकारी स्कॉलरशिप मिळायची. मार्क होते, हक्क होता. पण उत्तर आलं, की ही स्कॉलरशिप मुलींसाठी नाही. विषय संपला.

त्यांनी मग अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवायला सुरुवात केली. इंग्लंडमधल्या ओळखीच्या लोकांनी वर्गणी जमवली. वर्गणी देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलसुद्धा होत्या. आजच्या भाषेत सांगायचं तर क्राउडफंडिंग. १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये पोचल्या.

त्यांची लाइन होती साहित्याची. कायद्याची एकही पदवी हातात नव्हती. तरी त्यांनी कायदाच धरला. का? त्याचं कारण त्यांनी आत्मचरित्रात दिलंय. लहानपणी त्यांच्या आईकडे एक पडदानशीन विधवा रडत आली होती. कारभाऱ्याने तिची इस्टेट लाटली होती. पडद्यातल्या बाईने परक्या पुरुषासमोर यायचं नाही, आणि सगळे वकील तर पुरुष. म्हणजे कायदा होता, कोर्टही होतं, पण तिथपर्यंत जायला वाटच नव्हती. ती वाट आपण व्हायचं, हे त्या लहान मुलीच्या डोक्यात बसलं.

ऑक्सफर्डमध्ये त्यांनी जी परीक्षा निवडली तिचं नाव बीसीएल, बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ. नावात ‘बॅचलर’ असलं तरी हा पदव्युत्तर अभ्यासक्रम, आणि चांगलाच अवघड. म्हणजे आज तुम्ही विचारताय तीच केस: दुसऱ्या शाखेतून थेट कायद्याचं पोस्टग्रॅज्युएशन. बॅलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट पाठीशी उभे राहिले. ऑल सोल्स कॉलेजचे सर विल्यम अॅन्सन यांनी कॉलेजची कॉड्रिंग्टन लायब्ररी त्यांच्यासाठी उघडली. तिथे वाचायला बसलेली ती पहिली स्त्री. परीक्षेला बसण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. १८९२ मध्ये त्या बीसीएलला बसल्या आणि पास झाल्या. त्याआधी कोणतीच स्त्री त्या परीक्षेला बसली नव्हती.

आणि पदवी? ती मिळाली नाही. ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना शिकू द्यायचं, परीक्षा देऊ द्यायचं, पण पदवी देत नव्हतं.

एकाच माणसाच्या तीन तारखा

इथे जरा थांबूया, कारण आजचा मुख्य मुद्दा इथेच आहे. कायद्याच्या शिक्षणात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात: ज्ञान, पदवी आणि सनद. सनद म्हणजे कोर्टात उभं राहून दुसऱ्याची बाजू मांडायचा परवाना. आपण या तिन्ही गोष्टी एकच समजतो. कॉर्नेलियांच्या आयुष्यात त्या किती लांब लांब पडल्या, बघा.

भारतात परतल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएलबी केली. १८९९ मध्ये अलाहाबादची वकिलीची परीक्षाही पास केली. तरी सनद नाही. काही संस्थानांच्या कोर्टांत खास परवानगीने उभं राहता यायचं, पण ते तेवढ्यापुरतंच. मग त्यांनी वेगळी वाट काढली. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडदानशीन बायकांची कायदेशीर सल्लागार म्हणून नोकरी धरली. हे खातं अज्ञान वारसांच्या आणि अशा स्त्रियांच्या इस्टेटी सांभाळायचं. सहाशेहून जास्त स्त्रिया आणि अनाथ मुलांना त्यांनी मदत केली असं सांगतात. म्हणजे लहानपणी पाहिलेल्या त्या विधवेचं काम त्या करत होत्या, फक्त वकील म्हणून नाही.

हा अडथळा एकट्या कॉर्नेलियांचा नव्हता. १९१६ मध्ये रेजिना गुहा, एमए बीएल, कलकत्ता हायकोर्टाकडे सनद मागायला गेल्या. कायद्यात शब्द होता ‘पर्सन’, म्हणजे व्यक्ती. पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला, की या कायद्यापुरता ‘व्यक्ती’मध्ये स्त्री येत नाही. १९२१ मध्ये पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांनाही नकारच मिळाला.

पण त्याच वर्षी, ऑगस्ट १९२१ मध्ये, अलाहाबाद हायकोर्टाने कॉर्नेलियांना वकील म्हणून घेतलं. त्या तेव्हा ५४ वर्षांच्या होत्या. ऑक्सफर्डने १९२० पासून स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली होती, म्हणून १९२२ मध्ये त्यांनी तिथे जाऊन आपली बीसीएल घेतली. ज्ञान १८९२, सनद १९२१, ऑक्सफर्डची पदवी १९२२. पुढच्याच वर्षी भारतात कायदा आला, लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) अॅक्ट, १९२३, आणि स्त्रियांना वकिली सगळीकडे खुली झाली.

एक गोष्ट लपवायची नाही. कॉर्नेलिया ब्रिटिश राजवटीच्या समर्थक होत्या आणि गांधीजींच्या चळवळीच्या विरोधात. त्यामुळे आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्यांना फारसं जवळ केलं नाही. त्यांची राजकीय मतं मलाही पटत नाहीत. पण आज कोर्टात काळा कोट घालून उभी राहणारी प्रत्येक मुलगी त्यांनी ठोठावलेल्या दारातूनच आत जाते.

‘फ्लेक्सिबल’ म्हणजे काय, ते बाबासाहेबांना विचारा

१९२२ हेच साल आणखी एका माणसाचं आहे. जून १९२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. त्यांची मूळ लाइन अर्थशास्त्र. कोलंबियाहून एमए करून ते १९१६ मध्ये लंडनला आले आणि एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातलं: लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन.

दोन्ही एकदम कसं जमणार? इथे ‘इन’ची पद्धत कामाची होती. बॅरिस्टर व्हायला परीक्षा द्यावी लागायचीच, पण हजेरी मोजायची पद्धत गमतीची होती. इनच्या हॉलमध्ये ठरलेल्या वेळा जेवलात, की टर्म भरली! आपल्याकडच्या पंच्याहत्तर टक्क्यांपेक्षा हे बरंच रुचकर. अभ्यास ज्याने त्याने आपापल्या वेळेत करायचा.

पण कोर्स कितीही लवचीक असला तरी पैसा लवचीक नसतो. १९१७ मध्ये बडोद्याच्या स्कॉलरशिपची मुदत संपली आणि बाबासाहेबांना सगळं अर्धवट टाकून परतावं लागलं. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये परत गेले. १९२१ ला एमएस्सी, १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डीएस्सी. पुढे १९३५ मध्ये मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे ते प्रिन्सिपल झाले. त्यानंतर देशाची घटना.

म्हणजे खरी फ्लेक्सिबिलिटी काय होती? परत येण्याची परवानगी. तीन वर्षं खंड पडला तरी दार बंद झालं नाही, एवढंच. त्यांना सूट नको होती, वेळ हवा होता.

आता तुमचं

आता तुमच्या मेसेजेसकडे. भारतात तीन वर्षांची एलएलबी कुठल्याही शाखेच्या पदवीधराला करता येते. महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी असते. मेकॅनिकल चालतं, बीकॉम चालतं, होम सायन्सही चालतं. सनद हवी असेल तर हाच रस्ता: बार कौन्सिलची मान्यता असलेलं कॉलेज, नियमित हजेरी, मग नोंदणी आणि ऑल इंडिया बार एक्झाम. घरबसल्या केलेल्या कोर्सवर सनद मिळत नाही.

फक्त ज्ञान हवं असेल, कामात करार, डेटा, पेटंट समजून घ्यायचे असतील, तर बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलच्या मास्टर ऑफ बिझनेस लॉजसारखे कोर्स आहेत. कुठल्याही शाखेचा पदवीधर नोकरी सांभाळून ते करू शकतो. चांगला पर्याय आहे. पण त्यावर काळा कोट मिळत नाही, आणि जाहिरातीत ही ओळ बहुतेक वेळा सगळ्यात बारीक अक्षरात असते.

तेव्हा फी भरण्याआधी एक साधा प्रश्न विचारा: मला यातलं काय हवंय? ज्ञान, पदवी की सनद? कॉर्नेलियांना तिन्ही गोळा करायला तीस वर्षं लागली, कारण दार बाहेरून बंद होतं. आपल्यासाठी ते उघडं आहे. नीट न वाचता चुकीच्या दारातून आत शिरलो आणि आपली तीन वर्षं गेली, तर दोष द्यायला समोर कुणी न्यायमूर्तीही नसेल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर बारीक अक्षरातलं वाचत राहा!