सावलीची साक्ष

इ.स. १८०१ च्या जानेवारीची पहिली रात्र. सिसिली बेटावरील पालेर्मोच्या वेधशाळेत थिएटाइन संघाचे धर्मगुरू जुझेप्पे पियाझ्झी ताऱ्यांची सूची तयार करण्यात मग्न होते. वृषभ राशीत त्यांना एक अंधूक तारा दिसला. दुसऱ्या रात्री पाहतात तो जागेवरून सरकलेला! मंगळ व गुरू यांच्या दरम्यान सूर्याभोवती फिरणारा तो 'सेरेस' होता. त्यानंतर आजवर लक्षावधी लघुग्रह सापडले आहेत. तथापि मोठ्या दुर्बिणीतूनही त्यांतील बहुतेक प्रकाशाच्या ठिपक्यांसारखेच दिसतात. मग त्यांचा आकार मोजायचा कसा?

याचे उत्तर सावलीत दडलेले आहे. लघुग्रह एखाद्या ताऱ्यासमोरून गेला की तो तारा काही सेकंद दिसेनासा होतो. यास पिधान म्हणतात. तारा अतिदूर असल्याने त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात. म्हणून पृथ्वीवर पडणारी सावली लघुग्रहाइतकीच रुंद असते. ही सावली बहुधा सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने धावत जाते. तारा किती वेळ लपला हे ठाऊक झाले, की त्या काळाला सावलीच्या वेगाने गुणावे. लघुग्रहाची एक जीवा हाती येते. मात्र एका जीवेवरून आकार कळत नाही. सावलीच्या पट्ट्यात ठिकठिकाणी उभे राहिलेल्या अनेकांच्या जीवा शेजारीशेजारी मांडल्या, म्हणजे लघुग्रहाची बाह्यरेषा उमटते. ज्याच्या दुर्बिणीत तारा लपलाच नाही, त्याची नोंदही तितकीच मोलाची. सावली कोठे संपली हे तोच सांगतो.

दि. १९ फेब्रुवारी १९५८ रोजी स्वीडनमधील माल्मो येथून जूनो लघुग्रहाने केलेले पिधान पाहण्यात आले. दि. २ ऑक्टोबर १९६१ रोजी आपल्या देशात, नैनीताल येथील वेधशाळेतून, पॅलासच्या पिधानाची नोंद प्रकाशमापक यंत्राने घेतली गेली. पुढे अमेरिकेत डेव्हिड डनहॅम यांच्या पुढाकाराने हौशी निरीक्षक संघटित झाले. दि. २९ मे १९८३ रोजी पॅलासने जंबुक तारकासमूहातील एक तारा झाकला, तेव्हा दक्षिण अमेरिकी संस्थानांत व उत्तर मेक्सिकोत मिळून सुमारे १३० ठिकाणांहून नोंदी मिळाल्या.

तरीही एक प्रश्न उरलाच होता : डोळ्यांनी दिलेल्या साक्षीवर विश्वास किती ठेवावा? दि. ७ जून १९७८ रोजी हर्क्युलिनाने एक तारा झाकला, त्या वेळी तारा आणखी एकदा क्षणभर मंदावल्याचे कॅलिफोर्नियातील एका निरीक्षकाने पाहिले. एका वेधशाळेच्या यंत्रातही तशी खूण आढळली. हर्क्युलिनाला उपग्रह आहे, असा बोलबाला झाला. पुढे १९९३ साली हबल दुर्बिणीने शोध घेतला. उपग्रह सापडला नाही. दैवगती अशी की, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गॅलिलिओ यान आयडा या लघुग्रहाजवळून गेले आणि त्याने पाठविलेल्या चित्रांत १९९४ साली आयडाचा उपग्रह दिसून आला! लघुग्रहांना उपग्रह असतात, ही कल्पना खरी ठरली. हर्क्युलिनाविषयीची साक्ष मात्र टिकली नाही. डोळ्यांना दिसलेला क्षण पुन्हा तपासता येत नाही, ही त्यातली खरी अडचण होती.

व्हिडिओ कॅमेऱ्याने ही अडचण दूर केली. डोळ्याने पाहून हाताने कळ दाबेपर्यंत पाव-अर्धा सेकंद जातो. तेवढ्यात सावली कित्येक किलोमीटर पुढे गेलेली असते. व्हिडिओत मात्र सेकंदाला २५ किंवा ३० चित्रे उमटतात. पहाऱ्यासाठी बनविलेले संवेदनशील कॅमेरे स्वस्त झाले आणि ते हौशी मंडळींच्या दुर्बिणींना जोडले जाऊ लागले. प्रारंभी रेडिओवरील वेळेचे ठोके चित्रफितीवर मुद्रित केले जात. पुढे जीपीएस उपग्रहांकडून मिळणारी अचूक वेळ प्रत्येक चित्रावर छापणारी उपकरणे आली. तारा खरेच लपला, की ढग आडवा आला, हे आता दुसरा कोणीही ती नोंद पाहून पारखू शकतो.

याची फळेही दिसू लागली. अँटिओपी हा लघुग्रह वास्तविक जोडगोळी आहे, हे २००० साली कळले होते, दि. १९ जुलै २०११ रोजी अमेरिकेच्या पश्चिम भागातील निरीक्षकांनी दोन्ही गोळ्यांच्या बाह्यरेषा टिपल्या. गाया यानाने सिद्ध केलेल्या ताऱ्यांच्या सूचीमुळे सावलीचा मार्ग पूर्वीपेक्षा पुष्कळ नेमका वर्तविता येऊ लागला. म्हणूनच दि. २९ जुलै २०१९ रोजी अवघ्या पाच-सहा किलोमीटर रुंदीच्या फेथॉनची सावलीही गाठता आली.

या कामात कोणा एकट्याला लघुग्रहाचे रूप दिसत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला काही सेकंदांचा अंधार येतो, कित्येकांच्या वाट्याला तोही येत नाही. रात्रभर थंडीत जागून ज्याला ताऱ्यात यत्किंचितही बदल दिसला नाही, तोही सकाळी आपली नोंद प्रामाणिकपणे धाडून देतो. आणि त्या नोंदीवाचून लघुग्रहाची कड निश्चित होत नाही.