गाडीचा एसी गार पडत नाही? ‘गॅस भरून द्या’ म्हणण्याआधी हे तपासा

मार्च सरला की तालुक्याच्या गावी कार एसीवाल्याच्या दारात गाड्यांची रांग लागते. बहुतेकांचं मागणं एकच असतं, गॅस भरून द्या. गॅस भरला जातो, दोन-चार आठवडे गाडी गार राहते आणि पुन्हा तीच कोमट हवा. परत पैसे. खरं म्हणजे एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून गोल फिरत असतो. रबरी पाइपांतून वर्षानुवर्षं थोडाफार झिरपतो, पण एकाच उन्हाळ्यात संपत असेल तर कुठेतरी लिकेज आहेच. आणि कित्येक गाड्यांत तर बिघाड गॅसचा नसतोच.

एसीचं काम समजायला सोपं आहे. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कंप्रेसर गॅस दाबतो, त्यामुळे तो तापतो. पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकतो आणि गॅसचा द्रव होतो. हा द्रव बारीक छिद्राच्या व्हॉल्व्हमधून डॅशबोर्डमधल्या कूलिंग कॉइलमध्ये जातो, तिथे त्याची वाफ होते आणि कॉइल थंडगार पडते. ब्लोअर त्या कॉइलवरून हवा आत ढकलतो.

पहिली तपासणी घरच्या घरी

आधी हवेचा जोर बघा. ब्लोअर फुल असूनही हवा कमी येत असेल, पण येते ती गार असेल, तर गॅसला हात लावायचं कारण नाही. केबिन फिल्टर तुंबलेला असणार. बऱ्याच गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो आणि हाताने निघतो. कच्च्या रस्त्याची धूळ, मळणीचा भुसा, कापसाचे तंतू यांनी तो शहरातल्या गाडीपेक्षा फार लवकर भरतो. काही जुन्या मॉडेलमध्ये फिल्टरच नसतो, मग ती सगळी घाण थेट कॉइलवर बसते आणि कुबट वास सुटतो.

हवा जोरात पण गरम येत असेल तर बोनेट उघडा. इंजिन चालू ठेवून आत बसलेल्याला एसी सुरू करायला सांगा. उपरणं, ओढणी, पदर पट्ट्यापासून लांब ठेवा. कंप्रेसरच्या तोंडाशी ‘टक्’ असा आवाज येऊन पुढची चकती फिरू लागली पाहिजे. (काही नव्या गाड्यांत असा क्लच नसतो, तिथे ही खूण चालत नाही.) चकती फिरलीच नाही तर फ्यूज आणि रिले बघा. वायरी उंदरांनी कुरतडल्या आहेत का तेही बघा. गोठ्याशेजारी किंवा धान्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत हे हमखास होतं. गॅस फारच कमी झाला तरी प्रेशर स्विच कंप्रेसर चालू होऊ देत नाही.

रस्त्यावर गार आणि फाटकात थांबलं की गरम, अशी तक्रार असेल तर संशय पंख्यावर घ्यावा. एसी लावल्यावर कंडेन्सरचा पंखा फिरतो का पाहा. पंखा ठीक असेल तर कंडेन्सर चिखल-किड्यांनी भरलेला असू शकतो. तो साध्या पाइपच्या पाण्याने धुवावा. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला की पातळ पाती मुडपतात आणि हवा जायची वाट कायमची बंद होते.

अर्धा तास छान गार आणि मग हवाच बंद, याचा अर्थ बहुधा कॉइलवर बर्फ धरतोय. एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटं चालवल्यावर हवा परत आली तर थंडाव्याचा सेन्सर तपासून घ्यावा. गाडीखाली पाणी ठिबकणं चांगलंच. तेच पाणी आत पायाखाली साचलं तर निचऱ्याची नळी तुंबली आहे, ती साफ करणं किरकोळ काम.

लिकेज शोधल्याशिवाय गॅस नको

यापुढचं काम गेजवाल्या मिस्त्रीचं. पण समोर उभं राहून बघण्यासारखं बरंच असतं. एसी चालू असताना दोन्ही काटे नेहमीपेक्षा खाली असतील तर गॅस कमी आहे. दोन्ही फार वर असतील तर कंडेन्सरला हवा मिळत नाही किंवा आधीच्याने गॅस जास्त कोंबला आहे. खालच्या दाबाचा काटा वर आणि वरच्या दाबाचा खाली, असं दिसलं तर कंप्रेसर थकला.

गॅससोबत तेलही फिरत असतं, म्हणून लिकेजच्या जागी तेलकट धूळ चिकटलेली दिसते. पाइपांचे जोड, दगड लागलेला कंडेन्सर, कंप्रेसरचं सील या नेहमीच्या जागा. नायट्रोजनचा दाब देऊन जोडांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. लिकेज कूलिंग कॉइलमध्ये निघालं तर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड खोलावा लागतो. काम खर्चाचं आहे, पण दर महिन्याला गॅस भरण्यापेक्षा परवडतं.

दुरुस्तीनंतर जोडाला नवी ओ-रिंग हवी. सिस्टीम बराच काळ उघडी राहिली असेल तर ड्रायरही बदलावा. मग व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालला पाहिजे आणि बंद केल्यावर काटा जागचा हलता कामा नये. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. आत राहिलेला ओलावा व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतो आणि आतले धातू खातो. गॅस वजनावर भरायचा. किती ग्रॅम ते बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. जास्त भरला तर गारवा वाढत नाही, उलट कमी होतो.

आजच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए गॅस असतो, काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ. स्टिकरवरचा सोडून दुसरा घेऊ नये. स्वस्त डब्यात कधी कधी एलपीजीसारखा पेट घेणारा गॅस मिसळलेला निघतो, आणि तो लिक होऊन केबिनमध्ये साचला तर एक ठिणगी पुरे. पाइप घरी सैल करायच्या फंदात पडू नका. उडालेला द्रव कातडी गोठवतो, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावावा, तेल फिरून सील ओली राहतात.

आणि बाजार समितीच्या रांगेत किंवा लग्नाच्या मांडवाबाहेर काचा बंद करून, एसी लावून झोपणारे बरेच असतात. एक्झॉस्टचा पाइप फुटका असेल, किंवा गाडी शेडमध्ये अथवा भिंतीला खेटून उभी असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला ना वास ना रंग, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. झोपायचंच असेल तर इंजिन बंद, काचा खाली आणि गाडी झाडाच्या सावलीत.