रांगेत कोण उभं आहे?

मुलुंडच्या मामींनी परवा विचारलं, "रात्रपाळीत नुसते काळ्या स्क्रीनवरचे आकडे बघतोस. त्यात एवढं असतं तरी काय?" मामी, उत्तर जरा लांब आहे, म्हणून इथेच लिहितो.

पूर्वी संगणक एक आणि वापरणारे अनेक, असं असायचं. युनिक्सच्या एका यंत्राला बरीच टर्मिनल्स जोडलेली असत. आपल्या जुहूची एनसीएसटी १९८५ साली टीआयएफआरमधून वेगळी झाली. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात ती पवईच्या आयआयटीबरोबर होती. १९८९ मध्ये जुहूहून अमेरिकेला जोडणारी लाइन मिळाली, तिचा वेग होता सेकंदाला ९६०० बिट! आज एक फोटोसुद्धा त्यातून जाता जाईना. इतकं तुटपुंजं असलं की वाटून घेणं आलंच. आणि वाटून घ्यायचं तर कोण किती घेतंय, हे दिसायला हवं. सोसायटीत पाणी कमी आलं की कोणाचा नळ उघडा आहे ते बघतोच ना आपण? तसंच.

यासाठी युनिक्समध्ये सत्तरच्या दशकापासून 'पीएस' ही आज्ञा होती. पण ती त्या क्षणाचा एक फोटो देते. १९८४ साली विल्यम लफेव्र या अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने 'टॉप' लिहिला. सर्वात जास्त खाणारा सर्वात वर, आणि यादी दर काही सेकंदांनी ताजी. २००४ मध्ये ब्राझीलच्या हिशाम मुहम्मदने त्याला रंगीत रूप दिलं, तो 'एचटॉप'.

वरच्या कोपऱ्यात लोड ॲव्हरेजचे तीन आकडे असतात: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. अंधेरी स्टेशनची तिकीट खिडकी आठवा. खिडक्या चार आणि खिडकीशी व रांगेत मिळून माणसं चार, तर ठीक. माणसं बारा झाली की कुरकुर सुरू. लिनक्स तर डिस्कची वाट बघत खोळंबलेल्यांनाही रांगेत धरतं. म्हणून कधी प्रोसेसर निवांत असतो आणि लोड मात्र चढलेला.

मला सगळ्यात आवडते ती 'नाइस' ही आज्ञा. आपलं काम घाईचं नसेल तर "आधी तुमचं होऊ द्या" म्हणण्याची सोय! साध्या वापरकर्त्याला सहसा आपली पायरी खालीच आणता येते, वर चढवायची मुभा फक्त रूटला. ज्याने हे ठरवलं त्याला माणसांची चांगलीच पारख असावी.

आता सर्व्हरवर शेजारी बसलेला माणूस नसतो. यादीत 'जावा', 'मायएसक्यूएल' अशी नावं असतात. पण त्यातल्या एखाद्या ओळीमागे बोरिवलीतली कोणी बाई बिल भरत असते. म्हणून 'किल' देण्याआधी ते काम कोणाचं, हे मी बघतो. साधा 'किल' आवरायला वेळ देतो. 'किल -९' तेवढाही देत नाही.

तर मामी, त्या आकड्यांमध्ये असते ती रांग. दिसत नसली तरी माणसांचीच.