एंटरप्राइझ जावाबीन्स

मोठ्या संस्थांच्या जावा प्रणालींसाठी सर्व्हरवर चालणारे घटक लिहिण्याचे प्रमाणित तंत्र. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९८ मध्ये त्याचे पहिले विनिर्देश प्रसिद्ध केले. मूळ कल्पना मोलाची होती : प्रोग्रामरने व्यवसायाचे नियम लिहावेत, ट्रॅन्झॅक्शन, सुरक्षा आणि एकाच वेळी येणाऱ्या विनंत्या कंटेनरने, म्हणजे हे घटक चालवणाऱ्या सर्व्हर-सॉफ्टवेअरने, सांभाळाव्यात. एका खात्यातून रक्कम वजा झाल्यावर दुसऱ्यात जमा होताना यंत्रणेत बिघाड झाला, तर कंटेनर पहिली नोंदही रद्द करतो. सुरुवातीच्या आवृत्त्यांत मात्र साध्या कामासाठीही अनेक इंटरफेस आणि लांबलचक एक्सएमएल लिहावे लागे. हा जाच अनाठायीच होता. २००६ च्या ३.० आवृत्तीने अ‍ॅनोटेशन, म्हणजे कोडमध्येच लिहायच्या छोट्या खुणा, आणून तो बराच कमी केला. पुढे हे तंत्र एक्लिप्स फाउंडेशनकडे गेले. आज त्याचे नाव ‘जकार्ता एंटरप्राइझ बीन्स’ आहे.