कार्प मासे (खानदेशातील)

सिप्रिनिडी कुलातील गोड्या पाण्याचे मासे. जळगाव व धुळे जिल्ह्यांत तापीवरील हतनूर जलाशयात, तसेच वाघूर, पांझरा, अनेर या उपनद्यांवरील धरणांत व गावतळ्यांत कटला, रोहू, मृगळ आणि कॉमन कार्प (मच्छीमारांचा ‘सायप्रिनस’) यांची बोटुकली सोडतात. पहिल्या तीन जाती तापी खोऱ्यात मूळच्या की आणलेल्या, याविषयी मतभेद आहेत.

जीवशास्त्र : या माशांना जठर नसते, दात जबड्यात नसून घशात असतात. रोहूची गुणसूत्रे ५०, तर कॉमन कार्प व गोल्डफिश यांची सुमारे १००. कॉमन कार्प साचलेल्या पाण्यातही पाणवनस्पतींवर चिकट अंडी घालतो. कटला, रोहू व मृगळ तळ्यात पक्व होतात, पण पुराच्या वाहत्या पाण्याशिवाय वीण करीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी यांनी ओडिशातील अंगुल येथे पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्पची वीण घडवली. मत्स्यबीज केंद्रांतील प्रेरित प्रजनन या पद्धतीवर उभे आहे.

रोग : आरगुलस ही माशाची ऊ नुसत्या डोळ्यांना दिसते. चपट्या, पारदर्शक शरीराच्या खालच्या बाजूस दोन चूषके असतात. त्यांनी ती त्वचेला वा पराला चिकटते आणि सोंडेने रक्त शोषते. मासा अंग घासतो, खाणे सोडतो. जखमेत पुढे जीवाणू व बुरशी शिरतात. मादी अंडी घालण्यासाठी मासा सोडून दगड, खुंट, लाकूड अशा कठीण पृष्ठभागावर ओळीने अंडी चिकटवते. त्यामुळे तळ्यात फळ्या वा बांबू उभे करून ते ठरावीक दिवसांनी काढून वाळवणे हा औषधाविना करता येणारा उपाय. पाणी तापले की तिचे जीवनचक्र लवकर पुरे होते. खानदेशच्या उन्हाळ्यात पाणी आटून मासे दाटले की लागण वाढण्यास वाव मिळतो. बुरशीसदृश ॲफॅनोमायसिस इन्वॅडन्समुळे होणारा व्रणरोग भारतात १९८८ मध्ये आढळला. कॉमन कार्प त्यास बहुतांशी दाद देत नाही.

संशोधन : जळगावच्या विद्यापीठाशी (स्था. १९९०) संलग्न महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र विभागांचा भर मत्स्यजातींच्या याद्या, पाण्याची प्रत आणि कृमिपरजीवी यांवर राहिला.

गोल्डफिश : याच कुलातील शोभेचा मासा. थंड, प्राणवायूविरहित पाण्यात स्नायूंत इथेनॉल तयार करून तो कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो.