शारदेची भूमिका करणारा मुलगा

गेल्या दिवाळीत रोहिणखेडास जाण्याचा योग आला. मोताळे तालुक्यातील हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या गादीसाठी झालेल्या लढाईमुळे ठाऊक असते. मला ते आजोळ म्हणून ठाऊक आहे. संध्याकाळी शेजारची एक विधवा बाई आपल्या दहा-बारा वर्षांच्या मुलास घेऊन आली. मुलाचा गळा गोड, अंगी नकला करण्याची हौस. शाळेच्या संमेलनात त्याला कोणी पाहिले होते आणि मुंबईस दूरदर्शन-मालिकेत काम देण्याचे बोलणे लावले होते. "भाऊ, तुम्ही शिकेल माणसं. पोराले धाडू का मी?" असे तिने विचारले. इतिहास शिकविणाऱ्या मनुष्यास कोणताही प्रश्न विचारला की तो शंभर वर्षे मागे जातो. माझ्या मनात केशवराव भोसले उभे राहिले.

केशवरावांचा जन्म कोल्हापुरास ९ ऑगस्ट १८९० रोजी झाला. वडील लवकर वारले, घरात अठराविसे दारिद्र्य. तेव्हा चार-पाच वर्षांचे हे पोर जनूभाऊ निमकर यांच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. त्या काळी यात कोणास नवल वाटत नसे. कुलीन स्त्रियांनी रंगभूमीवर पाऊल टाकणे निषिद्ध, त्यामुळे मालकांस नाजूक बांध्याची व कोवळ्या गळ्याची मुले सदैव हवी असत. आणि गरीब घरांस दोन वेळचे अन्न हवे असे. दोन्ही गरजा एकमेकींस बरोबर जुळत. मुलगा कंपनीच्या बिऱ्हाडी राही, तेथेच जेवी, तेथेच निजे, तालीममास्तरांची छडी खाई आणि आज पुणे तर उद्या हुबळी असे फिरता फिरता वाढे. वर्णमालेच्या आधी त्याला तालाची ओळख होई. कंपनी हेच त्याचे घर आणि हीच शाळा. मात्र या घराला तिकिटे लावलेली असत, एवढी गोष्ट विसरून चालत नाही.

या बालनटाची कीर्ती महाराष्ट्रभर झाली ती 'शारदा' नाटकातील शारदेमुळे. गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक १८९९ साली किर्लोस्कर मंडळीने प्रथम रंगभूमीवर आणले. लवकरच ते निमकरांच्या मंडळीनेही घेतले, आणि दहा-बारा वर्षांचा केशव त्यात नायिका झाला. नाटकाचे कथानक वाचकांस सांगावयास नको. लोभी कांचनभट पैशाच्या आशेने आपली अल्पवयी मुलगी भुजंगनाथ नावाच्या जख्ख म्हाताऱ्यास देऊ पाहतो. शारदा भीतीने गाऊ लागली म्हणजे प्रेक्षागृहातील पागोट्यांखालचे डोळे पाणावत, माजघरातल्या स्त्रिया पदर डोळ्यांस लावीत. जरठ-बाला विवाहाविरुद्ध लोकमत तयार करण्यात या नाटकाचा मोठा वाटा आहे. (पुढे १९२९ साली बालविवाहप्रतिबंधक कायदा झाला व तो 'शारदा कायदा' म्हणून प्रसिद्धीस आला. तो अजमेरच्या हरविलास सारडांच्या नावाने, देवलांच्या नायिकेच्या नव्हे. तथापि मराठी माणसास हा योगायोग फार आवडला.)

पण मला कुतूहल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. गरिबीपायी घराबाहेर पडलेल्या मुलीचे दुःख जो रंगवीत होता, तो स्वतः गरिबीपायी घराबाहेर पडलेला मुलगा होता. त्याच्याही पोटापाण्याचा व्यवहार वडीलधाऱ्यांनीच ठरविला होता. त्याचीही संमती कोणी विचारली नव्हती. शारदेसाठी रडणाऱ्या त्या सहृदय समाजाने नाटक सुटल्यावर रंग पुसून झोपी जाणाऱ्या त्या पोराची चौकशी केली असेल, असे मानण्यास मला काहीच आधार सापडत नाही. निमकरांस किंवा कोल्हापूरच्या त्या माउलीस दोष देण्याचा हेतू यात नाही. उपासमारीपेक्षा बिऱ्हाडातील भात बरा, हा तिचा हिशेब बिनचूकच होता.

बालनटाच्या आयुष्यातील खरे संकट पुढेच असते, आणि ते म्हणजे आवाज फुटणे. भास्करबुवा बखले लहानपणी किर्लोस्कर मंडळीत होते. 'रामराज्यवियोगा'तील त्यांच्या कैकेयीची लोकांनी वाहवा केली. पण आवाज फुटला आणि त्यांची गरज संपली. ते बडोद्याकडे वळले, फैजमहंमदखां, पुढे नथ्थनखां, अल्लादियाखां अशा गुरूंपाशी वर्षानुवर्षे मेहनत केली आणि ख्यालगायनाचे आचार्य झाले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. कंपनीच्या दाराबाहेर पडलेल्या ज्या असंख्य पोरांचे पुढे भास्करबुवा झाले नाहीत, त्यांच्या गोष्टी सांगावयास कोणी उरले नाही.

केशवरावांचा गळा टिकला, किंबहुना अधिक तेजस्वी झाला. परंतु त्यांनी जे केले ते केवळ गळ्याच्या जोरावर होण्यासारखे नव्हते. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्यांनी स्वतःची 'ललितकलादर्श' मंडळी स्थापन केली. वयाची अठरा वर्षेही तेव्हा पुरी झाली नव्हती! ज्याच्या आवाजावर दुसऱ्याची पेटी भरत होती, तो त्या आवाजाचा स्वतः धनी झाला. मालक झाल्यावर त्यांनी जुन्या नाटकांच्या आश्रयाने स्वस्थ बसणे पत्करले नाही. आमच्या वऱ्हाडास अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, अमरावतीच्या वामनराव जोशांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' हे नाटक त्यांनी रंगभूमीवर आणले व त्यातील मृणालिनी स्वतः गाजविली. मामा वरेरकरांस नाटककार म्हणून पुढे आणले तेही त्यांनीच. 'हाच मुलाचा बाप' मध्ये हुंड्याचा प्रश्न होता, आणि १९१९ च्या 'संन्याशाचा संसार' मध्ये धर्मांतराचा. पडदे रंगविण्यास कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव हे पेंटर बंधू. शारदेच्या भूमिकेत वाढलेल्या मुलास समाजाच्या दुखण्यावरची नाटके जवळची वाटावीत, यात आश्चर्य ते कोणते?

८ जुलै १९२१ रोजी मुंबईस बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी संयुक्त 'मानापमान' झाले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे धनी एका रंगमंचावर उभे राहिले, आणि ज्याने बालपण स्त्रीवेषात घालविले तो त्या रात्री पुरुषवेषात, सेनापतीच्या ऐटीत गायला. त्या प्रयोगाच्या आठवणी पुढे दोन पिढ्या सांगितल्या गेल्या. अवघ्या तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, विषमज्वराने केशवरावांचा अंत झाला. वय एकतीस, त्यांपैकी सव्वीस-सत्तावीस वर्षे कामात गेलेली. इतक्या अल्प आयुष्यात विश्रांतीचा एक काळ म्हणून दाखविता येत नाही.

कंपनी मात्र राहिली. बापूराव पेंढारकरांनी १९२२ साली 'सत्तेचे गुलाम' आणून ती सावरली. १९३७ साली ते गेल्यावर काही काळाने त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी तिचे पुनरुज्जीवन केले. शाहू महाराजांनी १९१५ साली कोल्हापुरास पुरे केलेल्या पॅलेस थिएटरास पुढे केशवरावांचे नाव मिळाले. ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. कोल्हापूरकर त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडले.

एवढे सगळे त्या बाईस सांगून उपयोग नव्हता. मी तिला कायदा सांगितला. २०१६ सालच्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास बंदी झाली, पण कलावंतांस सवलत राहिली. १९१० साली नसलेली काही बंधने मात्र त्या सवलतीला २०१७ च्या नियमांनी घातली. दिवसात पाच तासांपेक्षा अधिक काम नाही, विश्रांतीवाचून सलग तीन तासांपेक्षा अधिक नाही, सलग सत्तावीस दिवसांपलीकडे नाही. शाळा बुडू नये. निर्मात्याने जिल्हादंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी, आणि मिळकतीचा निदान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे बँकेत मुदतीच्या ठेवीत ठेवावा.

बाईने पैशाविषयी काही विचारले नाही. "रातच्याले त्याच्याजोळ कोन राहीन?" एवढेच तिने विचारले.

मी म्हणालो, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमावा असा नियम आहे.

"पाचात एक?" असे म्हणून तिने मुलाकडे पाहिले. तो ओट्यावर बसून आमच्या मांजराची नक्कल करीत होता. ती उठली, त्याचा हात धरला आणि घरी गेली. परवा गावाहून पत्र आले त्यात अन्य मजकुरात एक ओळ आहे, की तो मुलगा सातवीत गेला असून संमेलनात यंदा गाणार आहे.